खाली माणूस आहे

१

डेपोच्या मैदानात सात ट्रक ओळीने उभे होते आणि मेस्त्रींनी नेमका त्यातला सगळ्यात भंगार निवडला.

बायको तिथे, चार लोकांत, काही बोलली नाही. गेटच्या बाहेर पडल्यावर मात्र तिने तोंड उघडलं. "दुसऱ्याचे टायर तरी धड होते. चौथ्याच्या टपाला एक भोक नाही. ह्या पाचव्यात काय बघितलंत? रूप?"

"इंजिन चांगलंय."

"बॉनेट न उघडताच कळलं?"

मेस्त्रींनी घसा खाकरला आणि रुमालाने मान पुसली. उत्तर टाळायचं असलं की ते हेच करत, आणि लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यामुळे तिलाही ते पाठ झालं होतं.

"आणि प्रत्येक गाडीत डोकं घालून, ओणवं होऊन काय बघत होतात?"

"ब्रेकचं पेडल."

"पेडल बघून ट्रक घेतात होय? नशीब माझं. मला बघायला आलात तेव्हा निदान तोंडाकडे तरी बघितलंत."

मेस्त्री हसले. हसणं जरा उशिराच आलं, पण आलं.

सैन्याने मोडीत काढलेले ते ट्रक होते. दहा-बारा वर्षं उन्हापावसात उभे. त्यातला एक घ्यायचा, त्यावर क्रेन बसवायची आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढायचं काम धरायचं, ही कल्पना बायकोची. गॅरेजवर आता दोघांचं पोट जेमतेम भरत होतं. डेपोची अट साधी होती. चार दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. तेवढ्यात ट्रक स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर ट्रेलरवर चढला तर तुमचा. नाही चढला तर पुन्हा लिलावात. ट्रेलरचा उतार चांगलाच उभा असतो, त्यामुळे नुसतं इंजिन चालून भागणार नव्हतं, ब्रेकही लागायला हवेत.

२

पहिला दिवस चालू होण्यातच गेला. म्हणजे ट्रक नव्हे, ही दोघं.

डिझेलच्या टाकीत गंजाचा चिखल होता. क्लच चिकटून बसला होता. बॅटरीच्या खोक्यात कुठल्याशा पाखराने घरटं करून, संसार आटोपून, ते सोडूनही दिलं होतं. बायकोने ते काड्या-पिसांसकट उचलून हळूच कुंपणापाशी नेऊन ठेवलं. मेस्त्री टाकी उतरवत होते. दोघांना एकमेकांशी फार बोलावं लागत नसे. हात पुढे केला की त्यावर बरोबर पाना पडे. बाकीच्या गॅरेजवाल्यांना याचं नवल वाटायचं आणि हेवाही.

दुपारी ती केबिनमध्ये चढली आणि वरूनच ओरडली, "अहो, ही सीट कोणी मागे सारली?"

"कोण सारणार?"

"सकाळी मी पुढे ओढून घेतली होती. माझे पाय कुठे पोचतात पेडलला? आता पार मागे भिंतीला टेकलीय. कोणी ताडमाड माणूस बसून गेल्यासारखी."

"खाच झिजली असेल. गाडी हलवली की घसरते."

"गाडी हललीय कुठे?"

मेस्त्रींनी न ऐकल्यासारखं केलं. सीटची खाच झिजते. लोखंड आहे, गंजलेलं आहे, झिजणारच. त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ती पटलीही.

चारच्या सुमारास बायको पाणी आणायला गेटकडे गेली. तेव्हा मेस्त्री केबिनमध्ये चढले. सीटची पाठ आणि केबिनचा मागचा पत्रा यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. फटीवर ताडपत्रीचं अस्तर. ते अस्तर त्यांनी कडेने सोडवलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

हाताला धूळ लागली. एक नट लागला. तळ लागला.

त्यांनी विजेरी मारून बघितलं. फट साफ मोकळी होती. जे मिळवण्यासाठी सातांतला हा पाचवा ट्रक पेडल बघून ओळखून घेतला होता, ते तिथे नव्हतं.

३

सैन्याच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. गाडीखाली शिरण्याआधी स्टीअरिंगला आपली पाटी लटकवायची. तांबडा पत्रा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'खाली माणूस आहे'. प्रत्येकाला एकच पाटी मिळायची आणि पाठीमागे ज्याची त्याने खूण करायची. ज्याची पाटी त्यानेच काढायची. साहेब आला, साहेबाचा साहेब आला, तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही.

बावीस वर्षांपूर्वी मेस्त्री तिथे कामाला होते आणि त्यांच्याबरोबर एक सहा फूट दोन इंचांचा माणूस होता. त्याला सगळे लंबू म्हणत. दोघांची जोडी होती. एकदा ह्याच ट्रकचं ब्रेकचं पेडल तुटलं, तेव्हा मेस्त्रींनी ते जोडलं होतं. नवखा हात, वेल्डिंगची ओबडधोबड गाठ राहिली. लंबू तिला मेस्त्रींची सही म्हणायचा.

त्या दिवशी साहेबाला हा ट्रक हातभर पुढे हवा होता. हातभरच. लंबूची पाटी स्टीअरिंगला होती, पण त्याची हत्यारं जमिनीवर दिसत नव्हती. गेला असेल चहाला, मेस्त्रींना वाटलं. कायम विसरतो पाटी काढायला. त्यांनी पाटी काढून शेजारी ठेवली आणि स्टार्टर मारला. गाडी गिअरमध्ये होती. मधल्या क्षणात कोणीतरी ओरडलं होतं, "अरे थांब, मी आहे खाली!" तो आवाज त्यांना पलीकडच्या शेडमधला वाटला.

ट्रक बरोबर हातभर पुढे गेला.

त्यानंतर मेस्त्रींनी पहिलं काम केलं ते पाटी सीटमागच्या फटीत सारायचं. खाली उतरून बघण्याच्याही आधी. पुढे कित्येक रात्री त्यांनी हा क्रम मनातल्या मनात उलटा लावून बघितला, आधी उतरलो, मग पाटी. पण तसं झालं नव्हतं.

चौकशी झाली. पाटी कुठेच सापडली नाही. 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू' असा शेरा पडला. घरच्यांना मिळायचं ते मिळालं नाही. लंबूची ट्रंक घरी पोचवायला मेस्त्रीच गेले. तिथे म्हातारे वडील होते आणि एक धाकटी बहीण. वडिलांनी तो शेरा मनाला लावून घेतला आणि वर्षाच्या आत गेले. मग मेस्त्रींनी नोकरी सोडली, गॅरेज टाकलं आणि त्या बहिणीशी लग्न केलं. लोक म्हणाले, देवमाणूस आहे. मेस्त्रींनी तेही ऐकून घेतलं.

बायकोने भावाचा फोटो कधी भिंतीवर लावू दिला नाही. तिचा त्याच्यावर राग होता, आणि तो निवला नव्हता. एखाद्या गिऱ्हाईकाच्या गाडीखाली कोणी पाटी न लावता शिरलं की ती म्हणायची, "एक पाटी लावायला काय धाड भरली होती त्याला? बाबांना घेऊन गेला तो." मेस्त्री तेव्हा काहीतरी हत्यार शोधत असत.

आता डेपोतल्या ट्रकांचा लिलाव होणार हे कळल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कोणीतरी तो ट्रक घेणार, सीट उपसणार. शहाणं मन म्हणत होतं की सापडली तरी एक पत्रा, कोणाला काय कळणार? पण शहाण्या मनाने त्यांना बावीस वर्षांत एकदाही नीट झोपू दिलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं.

डिझेलच्या लाइनमधली हवा काढून काढून मेस्त्रींचं बोट सोलवटलं. अकराच्या सुमाराला ट्रकने एक खोकला दिला, काळा धूर ओकला आणि मग सगळं मैदान थरथरवत तो चालू झाला. बायकोने टाळ्या वाजवल्या. गेटवरचा म्हातारा हवालदारही बघायला आला. तोही एके काळी दुसऱ्या गावच्या वर्कशॉपातलाच माणूस. "बाई, तुमच्या हाताला गुण आहे," तो म्हणाला. बायको लाजली. मेस्त्रींना फार दिवसांनी तिच्याकडे बघून आनंद झाला.

जेवताना ती म्हणाली, "एक विचारू? दादा असल्याच ट्रकवर होता ना?"

"असले पुष्कळ होते."

"मला त्याचा आवाजच आठवत नाही आता. तोंड आठवतं. आवाज नाही." तिने डब्याचं झाकण लावलं. "बरंच झालं म्हणा."

दुपारी सीट पुन्हा मागे गेलेली होती. ह्या वेळी तिने सांगितलं नाही, नुसती पुढे ओढली. मेस्त्रींनी तो करकर आवाज खालून ऐकला.

५

तिसरा दिवस ब्रेकचा.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढणं हे दोन माणसांचं काम. एक खाली चाकापाशी, एक वर पेडलवर. खालचा म्हणतो, दाब. वरचा दाबतो आणि म्हणतो, दाबलं. खालचा म्हणतो, धर. मग निपल, म्हणजे चाकामागचा हवा काढायचा छोटा बोल्ट, सैल करायचं, ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात, निपल आवळायचं आणि म्हणायचं, सोड. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरचा दिसत नाही, खालचा दिसत नाही. एकमेकांच्या शब्दावर सगळं चालतं. ही दोघं वीस वर्षं हे करत होती.

पुढची दोन चाकं झाली. मागच्या डाव्या चाकापाशी मेस्त्री पाठीवर सरकले.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

ऑइल आलं, फेसाळ, तपकिरी. "सोड." असं सात-आठ वेळा झालं. काम छान चाललं होतं. पेडल दमदार दाबलं जात होतं, बायकोच्या पायात नसतो इतक्या जोराने. दोन रात्रींची झोप मिळाल्यासारखे त्यांचे हात सराईत चालले होते.

"दाब. धर."

"धरलं."

तेवढ्यात लांबून, मैदानाच्या टोकाला असलेल्या गेटकडून, बायकोचा आवाज आला. "अहो! चहा तुम्हाला पण आणू का?"

मेस्त्रींच्या बोटांत निपल होतं. ते सैल होतं आणि ऑइल दाबाने बाहेर येत होतं. पेडल अजून धरलेलं होतं.

त्यांनी निपल आवळलं. सवयीने तोंडातून शब्द गेला, "सोड." वर पेडलची स्प्रिंग कुरकुरली आणि सुटली.

ते बाहेर आले तेव्हा कोपर खरचटलेलं होतं. केबिन रिकामी होती. दार उघडं, सीट पार मागे.

"तू कधी उतरलीस?" बायको चहा घेऊन आल्यावर त्यांनी विचारलं.

"केव्हाच! तुम्हीच म्हणालात ना, थांब, पाना बदलतो. आणि खाली कोणाशी बोलत होतात? दाब, धर, दाब, धर. हवालदार हसत होता, म्हणे साहेबांना एकट्याने काम करायची कला सापडलीय."

लाइनमध्ये दाब राहतो कधी कधी, मेस्त्रींनी स्वतःला सांगितलं. जुना सिलिंडर असतो, अडकतो, उशिरा सुटतो. आवाजाचं काय, पत्र्याच्या केबिनमध्ये कसलाही आवाज घुमतो. चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

६

पाच वाजायला आले. उजवं मागचं चाक राहिलं होतं, त्याचा सिलिंडर गळत होता. उद्या सकाळी नवा बसवायचा, हवा काढायची, की दुपारी ट्रेलर. बायको पिशवी घ्यायला केबिनमध्ये चढली आणि बराच वेळ उतरली नाही.

"काय गं?"

ती उतरली. हातात तांबडा पत्रा होता. वरच्या कडेला तारेचा आकडा, रंग उडालेला, अक्षरं मात्र शाबूत.

"हे कुठे सापडलं?" मेस्त्रींना आपला आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"सापडलं कुठे? स्टीअरिंगलाच लटकत होतं. मला वाटलं तुम्ही लावलं." तिने पाटी उलटी केली. मागे, पांढऱ्या रंगात, ब्रशच्या दोन-तीन फटकाऱ्यांत एक शब्द होता. ठकी.

तिला लहानपणी ठकी म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

"ही दादाची पाटी आहे," ती म्हणाली. "म्हणजे हा तोच ट्रक."

"मला काय ठाऊक? नंबर कधीच पुसलेत त्यांनी."

"पेडल बघत होतात तुम्ही."

मेस्त्री रुमाल शोधू लागले.

"पाटी इथे आहे," ती सावकाश म्हणाली, जणू हिशेब मांडत होती. "मग सापडली नाही कशी?"

"असतील दोन त्याच्याकडे. लावायची ती विसरला, ही कुठेतरी पडून राहिली. त्याचं सगळं असंच असायचं, पसारा."

"हं," ती म्हणाली. घरी जाईपर्यंत, घरी गेल्यावरही, ती एवढंच बोलली. पाटी तिने पदरात धरून ठेवली होती.

७

सकाळी ट्रेलर गेटबाहेर येऊन थांबला होता. मेस्त्रींनी सिलिंडर बसवला. ऊन चांगलं वर आलं होतं, मैदानात कुठे सावली नव्हती, आणि कालच्या गोष्टी आज त्यांना अगदी पोरकट वाटत होत्या. तासाभराचं काम. मग ही गाडी घरी, आणि ती पाटी काही ना काही करून भट्टीत.

"पाटी लावते हं," बायको केबिनमधून म्हणाली. नेहमीपेक्षा गोड म्हणाली. तारेचा आकडा स्टीअरिंगवर अडकला, पत्रा टिणकन वाजला.

"तीच कशाला लावतेस?"

"दुसरी आहे कुठे?"

मेस्त्री मागच्या धुऱ्याखाली सरकले. पाठीखाली मुरूम टोचत होता.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

बायकोचाच आवाज होता. मेस्त्रींच्या जिवात जीव आला. चार वेळा, पाच वेळा. बुडबुडे कमी झाले. सहाव्या वेळी "धर" म्हणाल्यावर वरून उत्तर आलं नाही. पण पेडल दाबलेलं होतं, ऑइल येत होतं. त्यांनी मान वळवली तेव्हा पुढच्या चाकाशेजारी चपला दिसल्या. बायकोच्या. त्या चपला चालत मागे आल्या, थांबल्या, आणि ती गुडघ्यांवर बसली. टायर आणि जमीन यांच्यामध्ये तिचं तोंड दिसलं.

"हवालदाराला विचारलं मी सकाळी," ती म्हणाली. "एका माणसाला एकच पाटी मिळते म्हणे. हरवली तर शिक्षा. दोन नसतात."

मेस्त्रींनी घसा खाकरला.

"ती लावलेली होती ना?"

ऑइल त्यांच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं.

"तुम्ही काढलीत?"

बावीस वर्षं त्यांनी ह्या प्रश्नाची उत्तरं तयार ठेवली होती. एकही आठवेना. "हो," ते म्हणाले.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. "बाबा शेवटपर्यंत त्याला बोल लावत गेले," ती म्हणाली. "मी रोज लावला. रोज. तुमच्यासमोर. आणि तुम्ही ऐकून घेत होतात."

"अगं, मला बाहेर येऊ दे. बोलू आपण. आधी ते पेडल सोड."

"कोणाला सांगताय?" ती म्हणाली. "मी खाली आहे."

मेस्त्रींची बोटं निपलवर होती आणि वर पेडल कोणीतरी घट्ट, दमदार, न थकता धरून ठेवलं होतं.

मग केबिनमध्ये सीट मागे सरकल्याची करकर झाली. आणि एक पुरुषी, थोडासा खर्जातला, आनंदी आवाज सहज म्हणाला, "ठके, बाजूला हो गं जरा."

मेस्त्रींनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं. ती घाबरली नव्हती. तिचे डोळे वर केबिनकडे वळले होते आणि ओठ हलत होते, हरवलेलं काही हाताला लागावं तसे. तिला आवाज आठवला होता.

ती उठली. तिच्या चपला दोन पावलं मागे गेल्या आणि ट्रकच्या वाटेबाहेर जाऊन थांबल्या. तिथे ती उभी राहिली.

मेस्त्रींनी सरकायचा प्रयत्न केला. शर्ट धुऱ्याच्या बोल्टला अडकला होता. पुढच्या चाकाला लावलेला लाकडी ठोकळा त्यांना दिसेना. तो होता की नव्हता, सकाळी कोणी लावला होता, काही केल्या आठवेना.

वर पत्रा टिणकन वाजला. कोणीतरी पाटी काढत होतं.

पाटी लंबूची होती. काढायची ती त्यानेच.

पाटी काढल्यापासून स्टार्टर मारेपर्यंत किती वेळ जातो हे मेस्त्रींना नेमकं ठाऊक होतं. तेवढ्या वेळात जे म्हणता येतं ते त्यांनी जिवाच्या आकांताने म्हटलं.

"अरे थांब, मी आहे खाली!"

बायको जागची हलली नाही. आवाज पलीकडच्या कुठल्या शेडमधून आला असावा, तशी ती तिकडे बघत होती.